आयलीच्या नावाचा बिल्ला

वेनफील्ड, पेनसिल्व्हेनिया
मंगळवार (पाऊस आहे म्हणून काम बंद)

आदरणीय आयलीताई,

तुझ्या धाकट्या आणि सुदैवाने एकुलत्या एका भावाचा नमस्कार. 'आदरणीय' वाचून तुझी डावी भुवई वर गेली असणार आणि 'आता याने काय केलंय' असं तू मनात म्हटलं असणार. त्याच्याकडे मी येतोच आहे, पण क्रमाने. आधी तुझी तब्येत कशी आहे ते कळव. बाबांचं कमरेचं हाड बसलं का, की अजून अंग शेकायच्या सॉनाची लाकडं आपणच फोडायची म्हणून हट्ट धरतात तेही कळव. माझी तब्येत उत्तम आहे. तू पाठवलेला वेलचीचा पाव मिळाला. वाटेत तो इतका वाळला होता की आमच्या मुकादमाने, म्हणजे डेल्बर्टने, आधी त्याच्यावर बोटाने ठोकून पाहिलं आणि पत्र्याचा आवाज आला म्हणाला. पण कॉफीत बुडवल्यावर त्याला आपल्या स्वयंपाकघराचा वास आला, आणि डेल्बर्टने टेनेसीतल्या स्वतःच्या आईला न विचारता जाहीर केलं की असा पाव त्याच्या आईला येत नाही. दोन वड्या उरल्यात. त्या मी रंगाच्या रिकाम्या डब्यात लपवून ठेवल्यात (डबा धुतलेला आहे, लगेच घाबरू नकोस).

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू तिसऱ्या वाक्याला 'आर्वो, मुद्द्यावर ये' म्हणतेस आणि मी एकदम मुद्द्यावर आलो की मुद्दा फार वाईट दिसतो. कागदावर तुला मध्ये बोलता येत नाही. अकरावी अर्धी सोडलेल्या माणसाला पत्र लिहिण्यातला हा एवढा एक फायदा कळला आहे. शुद्धलेखन तू मनातल्या मनात दुरुस्त करत ये, तुला ती सवयच आहे.

तर तुझं पत्र गेल्या आठवड्यात मिळालं होतं. तीन रकाने, पट्टीने आखलेले. पहिला रकाना हॅल्स्टेड कॉलेज, म्हणजे मी सध्या ज्या गावची पाण्याची टाकी रंगवतोय त्याच गावातलं. ज्यांनी आयुष्यात दुसरंच काही केलं आणि चौतिशीत डॉक्टर व्हायचं मनात घेतलं, अशा पदवीधरांना एका वर्षात सगळं शास्त्र पाजायचं आणि मेडिकल कॉलेजच्या दारापर्यंत पोचवायचं, असा त्यांचा धंदा; तुझा अर्ज त्यांच्याकडे पोचलाय. दुसरा रकाना शहरातलं मोठं विद्यापीठ, दोन वर्षं, संध्याकाळचे वर्ग, त्यांनी तुला घेतलंच आहे. तिसरा रकाना आपल्या घरापासून वीस मैलांवरची युनिव्हर्सिटी: तिथे एकेक विषय सवडीने घ्यायचा, नोकरी चालू ठेवायची, रात्रीचं जेवण बाबांबरोबर. तिसऱ्या रकान्याखाली तू 'शहाणपणाचा' असं लिहून दोन रेघा ओढल्या होत्यास. मी तेव्हाच म्हटलं, एवढ्या शहाणपणाला दोन रेघा कशाला लागतात. आणि खाली तुझी सूचना: 'शनिवारी हॅल्स्टेडची माहितीसभा आहे, मी आठशे मैलांवर आहे, रविवारच्या अंकाच्या निधनवार्ता मलाच लिहायच्या आहेत, तेव्हा तू जा, मागच्या बाकावर बस, तोंड बंद ठेव आणि कागद घेऊन ये. पंधरा तारखेपर्यंत मला कुठल्यातरी एका जागी होकार द्यायचा आहे.'

ताई, मी मागच्या बाकावर बसायलाच गेलो होतो. मागे बाकच नव्हता. सगळ्या खुर्च्या गोल मांडलेल्या होत्या. (गोलाला मागची बाजू नसते हे मला शाळेत कुणी सांगितलं नाही.) दारात एक मुलगी नावांचे बिल्ले वाटत होती. मी म्हटलं, आयलीसाठी आलोय. तिने यादीत बघितलं, आयली सापडली, आणि 'आयली' लिहिलेला बिल्ला माझ्या छातीला चिकटवला. आपल्याकडची नावं इकडे कुणाच्या कानावरून गेलेली नाहीत, बाई की पुरुष त्यांना काय कळणार. मी तिला सांगणार होतो, पण तेवढ्यात तिने हातात बिस्किटांची बशी दिली. हातात बशी असताना माणसाला नाही म्हणायला जड जातं.

सभा चालवणाऱ्या टॅगर्ट बाई. साठीच्या, चष्मा दोरीने गळ्यात, आवाज असा की दमलेल्या घोड्यालाही चार पावलं चालावंसं वाटेल. त्यांनी सांगितलं की आपण प्रत्येकाने उभं राहून आधी काय करत होतो आणि शास्त्र किती झालंय ते सांगू या. ही त्यांची पद्धतच आहे म्हणे. तर एक बॅले नाचणारी बाई उठली, गुडघ्याला पट्टा बांधलेला, आणि हळूच म्हणाली की रसायनशास्त्राचं पुस्तक मी पंधराव्या वर्षी मिटलं ते मिटलंच. टॅगर्ट बाई हसल्या. मग पाणबुडीवर आठ वर्षं स्वयंपाक केलेला एक आडवा गडी उठला, तो म्हणाला मला जीवशास्त्र तेवढंच येतं जेवढं कढईत मावतं. टॅगर्ट बाई आणखी हसल्या. मग कराच्या कज्ज्यातला वकील. त्याने तर मान खाली घालून सांगितलं की विज्ञानाचा एकही विषय घ्यायला लागू नये म्हणूनच मी वकील झालो. टॅगर्ट बाई एवढ्या खूष झाल्या की त्यांनी त्याच्या नावापुढे काहीतरी चांगलं लिहिलेलं मला माझ्या खुर्चीवरून दिसलं. मी मनात म्हटलं, काय मोठ्या मनाची बाई आहे. एवढी कच्ची माणसं समोर बसलीत आणि ही प्रत्येकाला धीर देतेय. आणि माझी ताई, जिला आठवीत शास्त्रात बक्षीस मिळालं होतं, ती काय यांच्यात बसणार.

इथे तुला आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. पहिल्या दिवशी 'मला येत नाही' म्हणणाऱ्याला डेल्बर्ट खाली बादल्या धुवायला ठेवतो. 'शंभर टाक्या केल्यात' म्हणणाऱ्याला वर पाठवतो. मी शंभर सांगितल्या होत्या. (तोवर मी सगळ्यात उंच चढलो होतो ते आपल्या सॉनाच्या छपरावर, बर्फ लोटायला.) त्याआधीही मासे कापायच्या कारखान्यात, बर्फाळ डोंगरावर माणसं नेणाऱ्या पाळण्यांवर, नाताळची झाडं तोडायला, जिथे जिथे गेलो तिथे असंच सांगत गेलो आणि कुणी नाही म्हटलं नाही. काम मागायला जायचं तर आधी केलंय असं सांगायचं, एवढी एकच विद्या मी सहा वर्षांत कमावली आहे. ती मी शनिवारी तुझ्या कामी लावली.

माझी पाळी आली. मी उभा राहिलो. सांगायचं होतं 'माझी बहीण आयली', पण छातीवर बिल्ला, तीस डोळे त्या बिल्ल्यावर, आणि तोंडातून निघालं, 'मी आयली.' एकदा निघाल्यावर मागे कसं फिरायचं. मी म्हटलं, अकरा वर्षं वर्तमानपत्रात निधनवार्ता लिहिल्या, एकंदर चार हजार माणसं पोचवली. इथवर ठीक होतं, पाणबुडीवाल्याने शिट्टीसुद्धा मारली. मग म्हटलं, रसायनशास्त्र झालंय. जीवशास्त्र झालंय. भौतिकशास्त्र तर केव्हाच. आणि ते कार्बनवालं रसायन, ज्याला सगळे घाबरतात, ते दोनदा.

सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की मला वाटलं आता टाळ्या पडणार. पाणबुडीवाल्याने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि कानात म्हणाला, 'वाईट वाटलं रे मित्रा.' टॅगर्ट बाईंचं पेन थांबलं होतं. त्या फार मायेने म्हणाल्या, 'मग तुम्ही आमच्याकडे कशाला आलात हो? आम्ही कोऱ्या पाटीची माणसं घेतो. एखादा विषय इकडेतिकडे चालतो, पण ज्यांचं सगळंच झालंय त्यांना आम्हाला घेताच येत नाही. नियमच आहे तसा. तुमची तर पाटी काठोकाठ भरलेली.'

ताई, एकशेतीस फुटांवर वारा सुटला तरी मी कशाला धरत नाही. त्या गालिच्यावर मी खुर्चीची पाठ धरली. जगात अशी एक जागा आहे जिथे 'मला काही येत नाही' हीच लायकी धरतात, आणि मला नेमकं तिथेच जाऊन हुशारी दाखवायची होती. बाईंनी माझ्यासमोरच तुझ्या नावापुढे काहीतरी बारीक लिहिलं, आणि ते वकिलाच्या नावापुढे लिहिलं तसं नव्हतं. मी कागद घेतले आणि निघालो. (बिस्किटंही घेतली. सात.)

रविवार कसा गेला ते विचारू नकोस. सोमवारी टाकीवर चढलो तेव्हा डेल्बर्टने विचारलं, 'कुणी मेलं का?' मी सगळं सांगितलं. तो ब्रश फिरवत राहिला. मग म्हणाला, 'पोरा, माझ्याकडे आलास तेव्हा शंभर टाक्या केल्यात म्हणालास. आणि संध्याकाळी शिडीकडे पाठ करून उतरायला लागलास. शंभर टाक्या केलेला माणूस शिडीकडे पाठ करतो होय? तेव्हाच कळलं मला.' मी विचारलं, मग हाकललंत का नाही. तर म्हणाला, 'खाली उतरल्यावर स्वतः येऊन कबूल केलंस म्हणून. नायतर घालवलाच होता. जा, उतर. आणि तोंड शिडीकडे ठेव.'

तसाच कॉलेजात गेलो, पट्टा कमरेला, हेल्मेट डोक्यावर, निळ्या रंगाचे हात. टॅगर्ट बाईंच्या खिडकीतून आमची टाकी समोरच दिसते. त्यांनी मला पाहिलं आणि पहिल्यांदा हेच विचारलं की टाकीवरचं गावाचं नाव पूर्ण कधी करणार, आठ दिवस झाले त्या 'वेनफी'मध्ये राहतायत. मी म्हटलं, बाई, मी आयली नाही. त्या म्हणाल्या, 'ते मला शनिवारीच वाटलं होतं. आयलीच्या अर्जात लिहिलंय की तिला लोकांचं ऐकून घ्यायला आवडतं.'

मग मी सगळं ओकून टाकलं. सांगितलं की माझ्या बहिणीने पदवी घेतली ती इतिहासात, रसायनशास्त्राला तिने बोटही लावलेलं नाही, पावात सोडासुद्धा ती डोळ्यांनी मापून टाकते. शपथ घ्यायला तिथे बायबल नव्हतं म्हणून त्यांच्या कॉलेजच्या माहितीपुस्तकावर हात ठेवून शपथ घेतली. (त्याच्यावर माझा निळा पंजा उमटला. बाई म्हणाल्या, असू दे.) त्यांनी मला खुर्चीवर वर्तमानपत्र अंथरून बसवलं आणि विचारलं, 'तुझ्या बहिणीला डॉक्टर का व्हायचंय? अर्जातलं मी वाचलंय. सेवा वगैरे. तुला काय वाटतं ते सांग.'

आता जे मी सांगितलं ते तुला न विचारता सांगितलं, त्याबद्दल रागवायचं तर सावकाश रागव. मी जाळीच्या दाराचं सांगितलं. आई गेली तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो, आणि सगळे मला 'अल्पशा आजाराने' एवढंच सांगत होते. पाद्रीही, शेजारचेही, बाबा तर काहीच नाही. तू दवाखान्यात गेलीस, त्या डॉक्टरला दारात अडवून तासभर प्रश्न विचारलेस, आणि घरी येऊन मला स्वयंपाकघराच्या जाळीच्या दारापाशी उभं केलंस. स्प्रिंग सैल झाली होती त्याची. तू म्हणालीस, हे बघ, आईच्या काळजात असं एक दार होतं. रक्त पुढे गेलं की ते बंद व्हायला हवं. ते पुरतं लागायचं नाही. दर खेपेला थोडं रक्त मागे यायचं, आणि काळीज तेच तेच पुन्हा ढकलत बसायचं. ढकलून ढकलून थकलं. तू ते दार हाताने उघडून, सोडून, पुन्हा उघडून दाखवलंस, किती वेळा कोण जाणे. तेव्हा तू तेवीस वर्षांची होतीस, आणि दुसऱ्या दिवशी तुला बाहेरगावी नोकरीवर रुजू व्हायचं होतं. तिथे तू गेली नाहीस. सगळ्या शाळेत मला काही कळलं नाही, पण ते कळलं. दुसऱ्या दिवशी मी त्या दाराची स्प्रिंग बदलली. बाबांनी दार दोनदा उघडून बघितलं.

बाईंना मी म्हटलं, माझी बहीण चार हजार वेळा 'अल्पशा आजाराने' लिहून बसली आहे आणि दर वेळी घरच्यांना फोन करून विचारते की आजार नक्की काय होता. छापायला नको असतं ते. तिला स्वतःला हवं असतं. मग पाच मिनिटांचा फोन तासाचा होतो, आणि पलीकडच्या माणसाला पहिल्यांदा कळतं की आपलं माणूस कशाने गेलं. संपादक तिला त्यावरून बोलतो. मग मी हेल्मेट काढलं. आतल्या पट्ट्यात मी प्लॅस्टिकमध्ये एक कात्रण ठेवतो ते तुला ठाऊक नाही. तू लिहिलेली पहिली निधनवार्ता, आईची. 'मार्या, वय एकावन्न, सोमवारी सकाळी गेली. मागे नवरा, मुलगी, मुलगा आणि अर्धा विणलेला एक मोजा. जोडीतला दुसरा मुलाच्या पायात आहे.' एवढीच. बाईंनी ती वाचली. पुन्हा वाचली. मग उठल्या, बाहेर यंत्रापाशी जाऊन तिची नक्कल काढून आणली, मूळ कागद मला परत दिला आणि नक्कल टाचणीने तुझ्या अर्जाला लावली. शनिवारचं ते बारीक अक्षर त्यांनी खोडलं. हे मी स्वतः पाहिलं.

तर आता तुझा मुद्दा. तिन्ही रकान्यांबद्दल माझं मत तू विचारलं होतंस (खरं तर विचारलं नव्हतंस, पण कागद उरला आहे). टाकीवर चढायच्या तीन तऱ्हा असतात. एक बाहेरची शिडी, सरळ उभी, पण पाठीमागे लोखंडी पिंजरा आणि कमरेला दोर. दमछाक होते, पण सुटलीस तरी पडत नाहीस. ते हॅल्स्टेड. वर्षभर श्वास घ्यायला फुरसत नाही, पण सगळे प्राध्यापक मिळून तुझ्यासाठी एक शिफारसपत्र लिहितात, आणि काही मेडिकल कॉलेजांशी त्यांचं असं ठरलेलं आहे की चांगली निघालीस तर मधलं एक वर्ष रिकामं न घालवता थेट आत. दुसरी तऱ्हा टाकीच्या पोटातला गोल जिना. सोपा, लांब, आणि त्याच्यावर दोनशे माणसं एकदम चढत असतात, तू कुठवर आलीस हे कुणाला ठाऊक नसतं. ते शहरातलं. तिसरी म्हणजे शिडी तूच बनव. मिळेल तेव्हा एकेक पायरी ठोक. अशीही माणसं वर गेलेली आहेत, मी नाही म्हणत नाही. पण माझ्या पाहण्यातल्या अशा बहुतेक शिड्या चौथ्या पायरीला थांबतात आणि मग त्यांच्यावर फुलांच्या कुंड्या ठेवतात.

तरी तिन्हीपैकी कुठलाही रकाना निवड, मी मध्ये पडणार नाही. मी एवढा शिकलेला नाही. पंधरा तारखेच्या आत काय ते कर, आणि बाबांना सांग की लाकडं फोडू नका.

तुझा आज्ञाधारक (आजपुरता) भाऊ,
आर्वो

ता. क. (बुधवार, ऊन) : पत्र पाकिटात घातलं होतं ते उघडावं लागलं. काल संध्याकाळी बाबांना फोन केला. मंगळवारी तू चर्चमध्ये गाण्याच्या तालमीला असतेस म्हणून मुद्दाम तेव्हा केला. टॅगर्ट बाईंसमोर मी कशी शपथ घेतली ते त्यांना ऐटीत सांगितलं. ते म्हणाले, 'रसायनशास्त्राला हात लावला नाही म्हणून सांगितलंस? अरे गाढवा, जानेवारीपासून ती दर मंगळवारी तिकडे युनिव्हर्सिटीतच जात होती. गाण्याची वही वर, ते जाडं पुस्तक खाली. मला काय वास येत नाही? मार्चमध्ये एक पेपर घेऊन आली, शंभरात एकेचाळीस. चुलीत घालायला गेली तो मी काढून घेतला. तेव्हापासून तिकडे जाणं बंद, पुस्तक माझ्या आरामखुर्चीखाली. आता मंगळवारी खरंच गायला जाते, आणि गाणं त्या एकेचाळिसाहून वाईट आहे.'

म्हणजे ताई, शनिवारी मी जे खोटं बोललो त्यात थोडं खरं होतं, आणि सोमवारी जी खरी म्हणून शपथ घेतली ती खोटी. आणि तू ज्या तिसऱ्या रकान्याखाली दोन रेघा ओढल्यास तो तोच वर्ग, जिथून तू कुणाला न सांगता उठून आलीस. तिथून पुन्हा गुपचूप उठून येता येतं, म्हणून तो शहाणपणाचा. हे मला टाकीवर बसल्यावर कळलं, आणि कळल्यावर मी अर्धा तास रंग लावला नाही.

दुपारी खाली उतरलो आणि तिसऱ्यांदा कॉलेजात गेलो. टॅगर्ट बाईंनी मला बघून आपणच खुर्चीवर वर्तमानपत्र अंथरलं. एकेचाळीस ऐकून त्या म्हणाल्या, 'एवढंच ना? अर्धा सोडलेला एक विषय. एका वाक्यात सांगण्यासारखी गोष्ट आहे. त्या बॅलेवालीने शाळेत हाच विषय दोनदा टाकलाय, नि पहिल्याच भेटीत सांगितलं तिने मला.' मग म्हणाल्या, 'तिला माझ्याकडे स्वतः फोन करायला सांग. तुमच्या घरातलं एखादं माणूस तरी पहिल्या झटक्यात खरं बोलतं का ते मला बघायचंय.' फोन नंबर त्यांच्या हाताने लिहिलेला चिठ्ठीवर आहे, चिठ्ठी पाकिटात आहे. पहिलं वाक्य एकेचाळिसाचंच बोल. नंतरचं तुला येतं.

ता. क. दुसरा (गुरुवार, टाकीवर 'ल्ड' संपला, गावाला पूर्ण नाव मिळालं) : एक बारीकशी विनंती राहिली. खरं तर पत्र त्याच्यासाठीच लिहायला घेतलं होतं. डेल्बर्टला सांगून झालंय, खालचा पांढरा पट्टा जुलैच्या अखेरीला आटपला की मी घरी येतोय. बंदरावर बोटी रंगवायला माणूस हवाय, बाबांनी विचारून ठेवलंय. (मी सांगितलं, मला बोटी येत नाहीत. तरी ठेवणार म्हणाले. चमत्कारिक लोक आहेत.) तर बाबांबरोबर रात्रीचं जेवण मीच जेवेन, लाकडंही मीच फोडेन. अडचण एवढीच आहे की माझ्या खोलीत बाबांनी जाळी आणि गळ रचून ठेवलेत आणि ते हलवायला ते तयार नाहीत. म्हणजे मला तुझ्या खोलीत राहावं लागणार. तेव्हा तिसरा रकाना खोड, कारण ती जागा आता रिकामी नाही. एक ऑगस्टपर्यंत तुझं सामान हलव. आरामखुर्चीखालचं ते जाडं पुस्तक तेवढं बरोबर ने. पलंग मला लांबीला कमी पडेल, ते माझं मी बघेन.

जाळीचं दार पुन्हा नीट लागत नाही म्हणाले बाबा. स्प्रिंग मी येताना घेऊन येतो.